जपानी मंगल काष्ठमूर्ती
जपानी मंगल काष्ठमूर्ती : समृद्धी, दीर्घायुष्य, आरोग्य व अरिष्टनिवारण यांच्या कामनेने जपानमध्ये घरात, दुकानात किंवा उत्सवप्रसंगी ठेवल्या जाणाऱ्या, लाकडात कोरलेल्या लहान मूर्ती. त्यांत देवता, नो नाट्यातील पात्रे, वृद्ध दांपत्य, हरिण, घोडा, ससाणा, बेडूक, कासव इत्यादींचा समावेश होतो. बहुतेक मूर्ती तळहातावर मावतील एवढ्या असतात. काही मात्र हातभर उंचीच्याही आढळतात. या सर्वांना मिळून जपानी भाषेत एकच नाव नाही. मांडून ठेवावयाच्या लहान कलावस्तूस ‘ओकिमोनो’ आणि शुभसूचक वस्तूस ‘एंगिमोनो’ म्हणतात. यांपैकी ‘एंगि’ हा शब्द मुळात बौद्ध दर्शनातील प्रतीत्यसमुत्पाद या संज्ञेचा चिनी लिपीतील अनुवाद होय. कार्यकारणांच्या परस्परावलंबनाचा सिद्धांत सांगणारी ही गहन संज्ञा पुढे मंदिराच्या उत्पत्तिकथेस व अखेरीस बाजारातील शुभशकुनास लावली जावी, यातच या मूर्तींचा लौकिक इतिहास बराचसा सामावला आहे. चरकावर कातून केलेल्या कोकेशी बाहुल्या कोरीव नसल्यामुळे त्यांचा विचार येथे केलेला नाही.

या मूर्तींचे मूळ शोभेच्या वस्तूंत नसून टाकून द्यावयाच्या वस्तूंत आहे. नारा येथील प्राचीन राजधानीच्या (इ. स. ७१०–७८४) उत्खननात पातळ फळीतून कापलेल्या मनुष्याकृती मोठ्या संख्येने सापडल्या. त्यांना ‘हितोगाता’ म्हणत. काहींवर शाईने नाकडोळे काढलेले आहेत. आपला रोग, पाप किंवा अशौच अशा आकृतीवर संक्रमित करून ती वाहत्या पाण्यात सोडून देण्याची प्रथा होती. म्हणूनच त्यांतील पुष्कळशा खंदकांत व पाटांत सापडल्या. घोड्यांच्या बाबतीतही असेच घडले. पाऊस पडावा म्हणून काळा व पाऊस थांबावा म्हणून पांढरा घोडा देवळास अर्पण करीत. जिवंत घोडा देणे ज्यांना परवडत नसे, ते लाकडी घोडा वाहू लागले व पुढे नुसत्या फळीवर घोड्याचे चित्र काढून ती टांगण्याची प्रथा पडली. यावरून असे दिसते, की लाकडी आकृती ही प्रथमतः प्रतिनिधी होती. मनुष्याऐवजी मनुष्याकृती, घोड्याऐवजी घोड्याची आकृती; तिचे काम संपले, की तिचे महत्त्वही संपे. टिकून राहणे हा तिचा गुण मानला जात नव्हता.

याच्या उलट दिशेने आलेला दुसरा प्रवाह भारतातील आहे. जपानी स्वयंपाकघरात व दुकानात आढळणारी सर्वांत परिचित मंगलमूर्ती दाइकोकु या देवाची. भाताच्या दोन पोत्यांवर उभा, खांद्यावर झोळी, हातात इच्छापूर्ती करणारा हातोडा, कानाच्या पाळ्या मोठ्या व मुद्रा हसरी, असे त्याचे रूप असते. त्याचे नाव म्हणजे महाकाल या नावाचे भाषांतर होय. उग्र महाकाल हा धान्यदाता कसा झाला, याचा दुवा चिनी यात्रेकरू इत्सिंग याच्या वृत्तांतात सापडतो. इ. स. ६७१ मध्ये चीनमधून निघून भारतात आलेल्या या भिक्षूने असे नमूद केले आहे, की मोठ्या विहारांत स्वयंपाकघराच्या खांबापाशी किंवा कोठाराच्या दाराशी महाकालाची दोन-तीन फूट उंचीची लाकडी मूर्ती असते. ती लहान आसनावर एक पाय खाली सोडून बसलेली असून तिच्या हातात सोन्याची थैली असते. रोज तेल पुसल्यामुळे तिचा चेहरा काळा पडतो. भोजनशाळेजवळ हारीतीची प्रतिमा ठेवण्याची चालही त्याने सांगितली आहे. महाराष्ट्रात अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात हारीती व पांचिक यांचे जे स्वतंत्र दालन आहे, ते विहाराच्या याच धनधान्यरक्षक देवतांचे असून तेथे त्या दगडात कोरल्या आहेत. स्वयंपाकघरातील लाकडी महाकाल मात्र भारतात उरला नाही. तो चीनमार्गे जपानला गेला आणि हिएइ पर्वतावरील तेंदाइ पंथाच्या मठातून सर्वत्र पसरला.

जपानमध्येही तो आरंभी हसरा नव्हता. क्यूशू बेटावरील दाझाइफू येथील कान्झेओन्जी मंदिरात हेअन काळातील दाइकोकुची एक लाकडी मूर्ती आहे. तिच्या खांद्यावर झोळी असली, तरी चेहरा कठोर आहे. पुढे ‘दाइकोकु’ या उच्चाराशी जुळणारी लिपिचिन्हे ओकुनिनुशी या शिंतो देवाच्या नावात असल्यामुळे दोघांची सांगड घातली गेली. त्या देवाच्या कथेतील उंदीरही दाइकोकुचा सेवक ठरला. मध्ययुगाच्या अखेरीस त्याला सप्तसौभाग्यदेवतांत स्थान मिळाले. या सात देवतांपैकी दाइकोकु (महाकाल), बेंझाइतेन (सरस्वती) व बिशामोन (वैश्रवण म्हणजे कुबेर) या तिन्ही मूळच्या भारतीय, तर होतेइ, फुकुरोकुजू व जुरोजिन हे चिनी परंपरेतील आहेत. हातात गळ व तांबूस मासा घेतलेला एबिसू एवढाच शुद्ध जपानी. दाइकोकु व एबिसू यांची जोडी व्यापाऱ्यांच्या व शेतकऱ्यांच्या घरी चुलीच्या धुराने काळी पडत असे. जुन्या घरांतील अशा कित्येक मूर्ती आज संग्रहालयांत आहेत. धुराचा हा थर जाणकार पुसून काढीत नाहीत.

कोरीव मंगलमूर्तींची स्वतंत्र कला म्हणून वाढ झाली ती नारा येथे. तेथील कासुगा देवस्थानाच्या वाकामिया देवळाचा ‘ओन्मात्सुरी’ हा उत्सव इ. स. ११३६ मध्ये सुरू झाला. पूर, दुष्काळ व साथीचे रोग यांपासून देशाची सुटका व्हावी, हा त्याचा हेतू होता. तो तेव्हापासून अखंड चालत आला असून त्याचा मुख्य दिवस १७ डिसेंबर हा आहे. मध्यरात्री सर्व दिवे मालवून देवास तात्पुरत्या मांडवात नेतात आणि दिवसभर त्याच्यापुढे नृत्ये व नाट्ये सादर होतात. त्यांपैकी देंगाकु या खेळातील वादकाच्या फुलांनी सजविलेल्या टोपीवर लहान रंगीत काष्ठमूर्ती लावीत. नैवेद्याच्या मांडणीवर व मद्यपात्रांवरही अशा मूर्ती असत. परंपरेनुसार नारा बाहुल्यांचा उगम येथे मानला जातो. उत्सवासाठी त्या दरवर्षी नव्याने कराव्या लागत आणि लांबून ओळखता याव्या लागत. त्यामुळे बारीक तपशील टाळून मोठ्या, सपाट पृष्ठांत आकार बसविण्याची सवय कारागिरांना लागली असावी. ‘इत्तोबोरी’ म्हणजे एका पात्याचे कोरीवकाम हे या शैलीचे नाव. नावावरून एकाच हत्याराने काम करतात असा समज होतो; तो बरोबर नाही. निरनिराळ्या रुंदीच्या अनेक पटाश्या वापरल्या जातात. परंतु प्रत्येक पृष्ठ एकाच निर्धाराच्या घावाने मोकळे झाल्यासारखे दिसले पाहिजे आणि ते कानसून वा घासून गुळगुळीत करावयाचे नाही, असा या पद्धतीचा दंडक आहे. चुकलेला घाव झाकता येत नाही.

नारा मूर्तींसाठी मुख्यतः हिनोकी हे सूचिपर्णी वृक्षाचे सुगंधी, सरळ धाग्याचे लाकूड वापरतात. काही कामांसाठी कापुराच्या झाडाचे व कात्सुराचेही लाकूड चालते. प्रथम चौकोनी ठोकळ्यावर आकृतीची रेषा काढून कोपरे उडवितात, मग मोठ्या पटाशीने मुख्य पृष्ठे काढतात. त्यानंतर सरसात कालविलेली शिंपल्यांची पांढरी पूड व खनिज रंग यांचा लेप देतात आणि ठिकठिकाणी सोन्याचा वर्ख लावतात. खडबडीत घाव आणि नाजूक रंगकाम यांचा विरोध हाच या मूर्तींचा खरा आकर्षणबिंदू होय. विषयांत ‘ताकासागो’ या नो नाटकातील वृद्ध दांपत्याला मानाचे स्थान आहे. झाडू घेतलेली वृद्धा व दाताळे घेतलेला वृद्ध ही दोन पाइनवृक्षांची रूपे मानली जातात. विवाहप्रसंगी दीर्घ सहजीवनाचे प्रतीक म्हणून त्यांची जोडी देतात. कासुगाचा देव पांढऱ्या हरणावर बसून आला अशी श्रद्धा असल्यामुळे हरिण हाही नाराचा स्वाभाविक विषय ठरला.

एडो काळात (१६०३–१८६७) या कलेला नवे गिऱ्हाईक मिळाले. जपानी पोशाखास खिसे नसल्यामुळे औषधाची डबी किंवा तंबाखूची पिशवी कमरपट्ट्यास अडकवीत आणि दोरी सुटू नये म्हणून वरच्या टोकाला ‘नेत्सुके’ हा कोरीव गुंडा लावीत. मंगलमूर्ती अशा रीतीने माणसाच्या अंगावर आली. याच व्यवसायातून हिदा प्रांतातील ताकायामा गावचा सुकेनागा मात्सुदा (१८००–७१) पुढे आला. हिदाचे सुतार फार प्राचीन काळापासून प्रसिद्ध होते. आठव्या शतकातील कायद्याने या डोंगराळ प्रांतास काही करांतून सूट देऊन त्याऐवजी राजधानीच्या बांधकामासाठी सुतार पाठविण्याचे बंधन घातले होते. सुकेनागाने नाराची रंगीत शैली पाहिली, पण रंगामुळे लाकूड झाकले जाते हे त्याला पटले नाही. त्याने यू जातीच्या ‘इचिइ’ या वृक्षाचे लाकूड निवडले. त्याचा गाभा तांबडा व बाहेरचा थर पांढुरका असतो. कासवाची पाठ तांबड्या भागात आणि पाय पांढऱ्या भागात येतील अशा तऱ्हेने ठोकळा फिरवून घ्यावयाचा, ही या शैलीतील पहिली व बहुधा सर्वांत अवघड पायरी होय. इचिइ या शब्दाचा अर्थ ‘प्रथम श्रेणी’ असा होतो. दरबारी अधिकाऱ्यांच्या हातातील मानदंड या लाकडाचा करीत व त्याबद्दल सम्राटाने त्या वृक्षास ही पदवी दिली, अशी आख्यायिका आहे.

सुकेनागाच्या या निवडीचा परिणाम केवळ दिसण्यापुरता नव्हता. रंगविलेली मूर्ती नवी असताना सर्वांत सुंदर असते. इचिइची मूर्ती हाताळल्याने व वर्षे लोटल्याने गडद होत जाते आणि तिला चमक येते. टाकून देण्यासाठी जन्मलेल्या वस्तूला सांभाळून ठेवण्याचे कारण प्रथमच तिच्या द्रव्यातून मिळाले.

मंगलमूर्तींचे विषय ठरविण्यात शब्दश्लेषाचा वाटा मोठा आहे. बेडकास ‘काएरु’ म्हणतात आणि त्याच उच्चाराचा अर्थ ‘परत येणे’ असाही होतो; म्हणून प्रवासी सुखरूप परतावा व खर्चलेला पैसा फिरून यावा, यासाठी बेडकाची मूर्ती. घुबडास ‘फुकुरो’ म्हणतात. त्या शब्दाची फोड ‘कष्टाविना’ अशी करता येत असल्याने, मराठी मुलखात अशुभ मानलेला हा पक्षी जपानी घरात भेट म्हणून आनंदाने स्वीकारला जातो. सहा दुधी भोपळे ‘रोगाविना’ या शब्दाची आठवण देतात. सहस्र वर्षे जगणारा क्रौंच व दशसहस्र वर्षे जगणारे कासव ही चिनी परंपरेतून आलेली जोडी मात्र श्लेषावर अवलंबून नाही.

श्लेषाचे सर्वांत बोलके उदाहरण ‘उसो’ या पक्ष्याचे आहे. लाल गळ्याच्या या लहान पक्ष्याच्या नावाचा दुसरा अर्थ ‘असत्य’ असा होतो. विद्येची देवता मानला गेलेला सुगावारा नो मिचिझाने (८४५–९०३) हा विद्वान मंत्री इ. स. ९०१ मध्ये खोट्या आरोपावरून दाझाइफू येथे हद्दपार झाला व तेथेच मरण पावला. त्याच्या समाधिस्थानी उभारलेल्या तेनमांगू देवळात ७ जानेवारीच्या संध्याकाळी भाविक हातात लाकडी उसो घेऊन जमतात आणि ‘बदलू या, बदलू या’ असे म्हणत अंधारात परस्परांशी त्यांची अदलाबदल करतात. सरल्या वर्षी नकळत बोललेली असत्ये व घडलेली अनिष्टे यांचा यामुळे निरास होतो, अशी समजूत आहे. हा पक्षी एका लाकडी दांड्यातूनच कोरतात. पाठीवरची पिसे वेगळी चिकटविलेली नसून सुरीने सोललेल्या पातळ ढलप्या मुळाशी तशाच ठेवून कुरळ्या केलेल्या असतात. वर हिरवा, लाल व काळा रंग देतात. टोकिओतील कामेइदो येथे हा विधी १८२० पासून २४ व २५ जानेवारीस होतो. तेथे भाविक गेल्या वर्षीचा पक्षी देवळास परत करून नवा घेतात. हे उसो देवळाचे पुरोहित हिनोकीच्या लाकडातून स्वतः कोरतात आणि ते त्या दोन दिवसांखेरीज मिळत नाहीत. ज्याच्यावर खोटा आळ आला, त्याच्या दारी असत्याची अदलाबदल व्हावी, हा योग लक्षणीय आहे.

अशाच कुरळ्या ढलप्यांची कला ईशान्य जपानमधील योनेझावाजवळच्या सासानो गावात आढळते. तेथील ‘ओताका पोप्पो’ म्हणजे लाकडी ससाणा. रुंद पात्याच्या एकाच जड सुरीने दांड्यावरून शेपटीची पिसे पंख्यासारखी उलगडीत नेतात. धंद्यात भरभराट व्हावी म्हणून तो ठेवतात. योनेझावाचा सुधारक सरंजामदार हारुनोरी उएसुगी (१७५१–१८२२) याने हिमाच्छादित महिन्यांत शेतकऱ्यांना जोडधंदा मिळावा म्हणून या कामास उत्तेजन दिले, असे सांगतात. त्याच्या ‘योझान’ या उपनामात ससाण्याचे चिन्ह आहे. ‘पोप्पो’ हा शब्द आयनू भाषेतील असल्याचे मत प्रचलित आहे. आयनू लोकांच्या ‘इनाउ’ या पूजादंडावरील ढलप्या व सासानोच्या ढलप्या यांत साम्य आहे हे खरे. तथापि नववर्षाच्या पहिल्या पौर्णिमेस लाकडी ढलप्यांची फुले देवास वाहण्याची चाल जपानी खेड्यांतही दूरवर पसरलेली होती. त्यामुळे केवळ या साम्यावरून उगम ठरविणे धाडसाचे होईल. याच प्रदेशातील हाचिनोहे, मिहारु व सेंदाइ येथील लाकडी घोडे हे उपरोक्त अर्पण-घोड्यांचे वंशज म्हणता येतील.

मेजी राजवटीने १८६८ मध्ये शिंतो व बौद्ध संस्था परस्परांपासून अलग केल्या. त्यानंतर मंदिरांवर जी संक्रांत आली, तीत नाराचा कोफुकुजी मठ जवळजवळ ओस पडला आणि मूर्तिकारांचा आश्रय तुटला. या पडत्या काळात नारा शैलीला उभे ठेवण्याचे श्रेय तोएन मोरिकावा (१८२०–९४) याला दिले जाते. तो चित्रकार, काष्ठशिल्पी व क्योगेन प्रहसनांचा नटही होता. नो व क्योगेन पात्रांच्या त्याच्या मूर्तींत अंगविक्षेपाची जी नेमकी पकड दिसते, ती रंगमंचावरील अनुभवातून आलेली आहे. त्याने नाराच्या शोसोइन भांडारातील प्राचीन वस्तूंच्या प्रतिकृती केल्या आणि १८७७ च्या राष्ट्रीय औद्योगिक प्रदर्शनात भाग घेतला. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात त्याची हरिण-हरिणीची जोडी मांडण्यात आली. ती आज टोकिओच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. देवाच्या वाहनाची मूर्ती अशा रीतीने देवळाच्या परिसरातून कलादालनात गेली. तोएनच्या नैपुण्याविषयी दुमत नाही. पण याच क्षणापासून मूर्तीचे मोल तिच्या प्रसंगापेक्षा कर्त्याच्या नावावर ठरू लागले, ही गोष्ट त्याच्या गौरवपर लेखनात सहसा नोंदविली जात नाही. पुढे देंचू हिराकुशी (१८७२–१९७९) यासारख्या आधुनिक शिल्पकारानेही दाइकोकुच्या मूर्ती कोरल्या; परंतु त्या प्रामुख्याने शिल्पकृती म्हणूनच ओळखल्या जातात.

संग्राहकांनी दुसरा बदल घडवून आणला. टोकिओचा सेइफू शिमिझु (१८५१–१९१३) याने प्रांतोप्रांतीची खेळणी व उत्सवमूर्ती जमवून त्यांची रंगीत चित्रे ‘उनाइ नो तोमो’ या ग्रंथमालेत १८९१ पासून प्रसिद्ध केली. रेल्वे व स्वस्त आयात खेळणी यांमुळे ज्या वस्तू नाहीशा होत होत्या, त्यांची ही पहिली मोठी नोंद होय. त्यामुळे कित्येक गावांतील मृतप्राय कला पुन्हा सुरू झाली. मात्र ती गावकऱ्यांच्या व्रतासाठी नव्हे, तर शहरातून येणाऱ्या मागणीसाठी. दुसऱ्या महायुद्धानंतर पर्यटनाने ही प्रक्रिया पूर्ण केली. १९५४ या अश्ववर्षाच्या टपाल तिकिटावर मिहारुचा लाकडी घोडा झळकला आणि मुलांच्या रक्षणार्थ दिली जाणारी ही स्थानिक वस्तू देशभर माहीत झाली.

पारंपरिक कारागिरीच्या संवर्धनासाठी १९७४ मध्ये जपानने स्वतंत्र कायदा केला. वस्तू मुख्यतः हाताने केलेली असावी, तिचे तंत्र व कच्चा माल सुमारे शंभर वर्षे तरी चालत आलेला असावा, अशा अटी त्यात आहेत. ताकायामाच्या इचिइ कोरीवकामास १९७५ मध्ये ही मान्यता मिळाली. कच्च्या मालाची अट ही या कलेचे भूषण असली, तरी तिची अडचणही आहे. इचिइ अतिशय सावकाश वाढतो. कोरण्याजोगा जाड व निर्दोष गाभा तयार होण्यास शतके लागतात आणि दुसरे लाकूड वापरल्यास ती शैलीच उरत नाही. वर्षानुवर्षे शिकून स्वतंत्र होणाऱ्या उमेदवारांची संख्या घटत गेली आहे. सासानोसारख्या ठिकाणी काम वृद्ध कारागिरांच्या हाती उरले असून यंत्राने कोरलेल्या व साच्यातून काढलेल्या मूर्तींशी त्यांना किंमतीत स्पर्धा करता येत नाही.

तरीही मागणीचा एक नियमित स्रोत टिकून आहे. बारा वर्षांच्या राशिचक्रातील येत्या वर्षाच्या प्राण्याची मूर्ती दरवर्षी शरद ऋतूपासून नारा व ताकायामा येथे कोरली जाते आणि नववर्षास घराच्या प्रवेशद्वाराशी किंवा शोभाकोनाड्यात मांडली जाते. वर्ष संपल्यावर ती जाळावी की ठेवावी, याविषयी कुटुंबागणिक भिन्न चाल आढळते. शुभवस्तू वर्षानंतर देवळात नेऊन विधिपूर्वक अग्नीस देण्याची जुनी पद्धत आहे. पण कर्त्याची सही असलेली महाग मूर्ती सहसा कोणी जाळीत नाही. ती कागदात गुंडाळून पेटीत ठेवतात आणि बारा वर्षांनी तोच प्राणी आला, की पुन्हा बाहेर काढतात. कामेइदोच्या पटांगणात जानेवारीच्या अखेरीस जुने पक्षी परत करणाऱ्यांची रांग अजूनही लागते. संग्राहकांच्या कपाटांत मात्र न बदललेले उसो सालवार मांडलेले दिसतात.